ट्रामचं भाडं कोण भरत होतं?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

दादरच्या पूर्वेला, उड्डाणपुलाखाली जो मोठा चौक आहे, त्याचं कागदोपत्री नाव खोदादाद सर्कल. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगितलं तर तो क्षणभर मागे वळून बघतो. 'दादर टी. टी.' म्हटलं की लगेच मीटर टाकतो. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली ट्राम बंद होऊन साठ वर्षं उलटून गेली. रूळ उखडले गेले, डबे भंगारात गेले, पण नाव काही तिथून हललं नाही.

मी भिवंडीचा. आमच्या गावात ट्राम कधी आली नाही आणि माझा जन्म मुंबईची ट्राम गेल्यानंतरचा. तरीही आज मी ट्रामविषयी बोलणार आहे, ते जुन्या मुंबईच्या आठवणी उगाळण्यासाठी नव्हे. ते काम माझ्याहून वडीलधाऱ्यांनी भरपूर केलं आहे. मला बोलायचं आहे ते पैशांविषयी. अलीकडे 'मोफत प्रवास' हा शब्द वरचेवर कानावर येतो. एक बाजू म्हणते, फुकट्यांची चैन चालली आहे. दुसरी बाजू म्हणते, हा आमचा हक्क आहे. दोघंही जोरात बोलतात. पण गाडी चालवायला लागणारा पैसा नेमका कोणाच्या खिशातून येतो आणि त्या माणसाला त्या बदल्यात काय मिळतं, हा साधा प्रश्न दोघंही टाळतात. मुंबईच्या ट्रामने हा प्रश्न नव्वद वर्षं अंगावर घेतला होता.

गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ साली निघालं. मुंबई शहरावरचं मराठीतलं ते पहिलं मोठं पुस्तक. त्यात ट्राम नाही, कारण ट्राम यायला अजून अकरा वर्षं होती. खरं म्हणजे ती जरा लवकरही आली असती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता, तेव्हा एका अमेरिकन कंपनीने ट्रामसाठी परवाना मागितला होता. पण १८६५ साली युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि ती योजनाही बुडाली. पुढे १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, १८७४ साली मुंबई सरकारने ट्रामचा कायदा केला आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम धावली. मार्ग दोन होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी.

पहिलं भाडं होतं तीन आणे. आणि गंमत म्हणजे तिकीट नव्हतं. पैसे घ्यायचे आणि बसवायचं, एवढाच व्यवहार. तीन आणे ही त्या काळी हातावर पोट असणाऱ्याच्या दृष्टीने चांगलीच मोठी रक्कम. सुरुवातीची ट्राम ही कारकून, दुकानदार, वकील अशा मंडळींची सोय होती. गर्दी वाढली तसं कंपनीने भाडं दोन आण्यांवर आणलं. गर्दीबरोबर पैसे न देता उतरणारेही वाढले, म्हणून त्याच वर्षी तिकीट सुरू झालं. म्हणजे ट्रामचं तिकीट नावाचा कागद या शहरात जन्माला आला तो फुकट्यांमुळे. आपण त्यांचे एवढे तरी ऋणी असायला हवं.

घोड्यांच्या ट्रामचा हिशेब मोठा मजेदार होता. सुरुवातीलाच कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर सोला टोप्या घालत. मुंबईच्या मे महिन्यात माणसाने बोडक्याने फिरायचं आणि घोड्याने टोपी घालायची! पण कंपनीच्या नजरेने पाहिलं तर ही चैन नव्हती. घोडा हेच तिचं भांडवल होतं आणि ते उन्हाने मरत होतं. एक घोडा दिवसभर डबा ओढू शकत नाही. काही तासांनी तो बदलावा लागतो. म्हणजे रस्त्यावर एक जोडी दिसत असेल तर तबेल्यात आणखी कित्येक घोडे उभे असणार. त्यांना चंदी, गवत, पाणी, मोतद्दार, नालबंद आणि सलोतरी लागणार. आणि डब्यात उतारू दोन असोत की चाळीस, घोडा खातो तेवढंच खातो.

वाहतुकीच्या अर्थकारणातली ही अगदी मूळची गोष्ट आहे. गाडी एकदा निघाली की तिचा खर्च ठरलेला असतो. आणखी एक उतारू चढला म्हणून खर्चात फारशी भर पडत नाही. म्हणून रिकामी गाडी हे मालकाचं दुःस्वप्न. भाडं कमी करा, गाडी भरा, हे शहाणपण बॉम्बे ट्रामवे कंपनीला कोणत्याही समाजवाद्याने शिकवलेलं नव्हतं, घोड्यांनी शिकवलं. भाडं तीनाचे दोन झाले आणि पुढे दोनाचा एक झाला. लांबचं असो की जवळचं, एक आणा. पुढची कितीतरी वर्षं मुंबईच्या ट्रामची ओळख हीच राहिली.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्या एक आण्याच्या मुंबईतले. भिवंडीचं कापड घेऊन ते मुळजी जेठा मार्केटला जायचे. आधी हातमागाचं, नंतर पॉवरलूमचं. टांग्याने नाहीतर मोटारीने कल्याण, तिथून रेल्वेने बोरीबंदर. गठ्ठा हमालाच्या हातगाडीवर जायचा आणि स्वतः दादा चालत. समोर ट्राम उभी असायची, काळबादेवीलाच जाणारी. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, 'एकच तर आणा होता, मग बसायचात का नाही?' दादा म्हणाले, 'जाताना एक, येताना एक. दोन आण्यांत चहा आणि पाव व्हायचा, बेटा.' मालाचे पैसे मिळाले तर परतताना ते ट्रामने येत. नाही मिळाले तर पुन्हा चालत. तीन आण्यांवरून एक आण्यावर आलेली ट्राम हजारो माणसांना परवडू लागली, हे खरं. पण ज्याला दोन आण्यांत चहा-पाव दिसतो, त्याच्यासाठी एक आणा आणि काहीच नाही यांच्यात जे अंतर असतं, ते तीन आणे आणि एक आणा यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठं असतं. अंकगणितात हे बसत नाही, पण खिशात बसतं.

आता विजेकडे येऊ, कारण खरी कहाणी तिथे आहे. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. तीच आपली 'बेस्ट'. तिने जुन्या ट्राम कंपनीची सगळी मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना विकत घेतली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. घोडे निवृत्त झाले. नाव नीट वाचा: आधी वीज, मग ट्राम. वीज विकण्याचा परवाना आणि ट्राम चालवण्याची जबाबदारी एकाच कंपनीकडे आली.

हे केवळ योगायोगाने झालं नाही. विजेचा धंदा नवा होता. घरोघरी दिवे लागायचे ते संध्याकाळी, दिवसा यंत्रं नुसती बसून राहायची. दिवसभर ठरलेली वीज खाणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे ट्राम. त्या काळात युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत वीज कंपन्यांनीच ट्राम चालवल्या त्या यासाठी. मुंबईत हे जोडपं असं जमलं की पुढे शंभर वर्षं त्यांचा संसार एकाच चुलीवर चालला. १९२० साली दुमजली ट्राम आल्या. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सुरू झाली आणि ट्रामला सवत आली.

१९०५ च्या करारात ही कंपनी विकत घेण्याचा हक्क मुंबई पालिकेने राखून ठेवला होता. तो तिने ७ ऑगस्ट १९४७ रोजी वापरला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी. 'ट्रामवेज'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' शब्द आला, आद्याक्षरं तीच राहिली. देश स्वतंत्र होत असताना मुंबईकर आपल्या ट्रामचेही मालक झाले. पण मालकी मिळाल्यावर सतरा वर्षांतच त्यांनी ट्राम मोडीत काढली.

याची कारणं अनेक सांगितली जातात. मोटारी वाढल्या, ट्राम रस्त्याच्या मधोमध चाले, उतारूंना चढताना-उतरताना धोका असे, डबे जुने झाले होते. ही सगळी कारणं खरी आहेत. पण मला त्यात आणखी एक कारण दिसतं. बस रस्त्यावरून जाते आणि रस्ता कोणीतरी दुसरा बांधतो. ट्रामचे रूळ मात्र ट्रामच्याच खात्यात पडतात. एकाला वाट आयती मिळते आणि दुसऱ्याला आपली वाट स्वतः अंथरावी लागते. असे दोन हिशेब शेजारी मांडले की दुसरा नेहमीच तोट्यात दिसणार. १९५० च्या दशकात एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तिला निरोप द्यायला दुतर्फा गर्दी लोटली होती. त्यांतले किती जण तोवर बसने जाऊ लागले होते, हे विचारू नये. आपण जाणाऱ्याला निरोप फार छान देतो.

ट्राम गेली तरी ते एकाच चुलीवरचं अर्थकारण मागे राहिलं. बेस्टच्या बसची तूट बेस्टच्या विजेच्या शिलकीतून भरायची, ही रीत अनेक दशकं चालली. म्हणजे बसचं तिकीट जे काही असेल, ते पूर्ण भाडं नव्हतंच. उरलेला भाग कोणीतरी घरी दिवा लावून भरत होता. यात एक विचित्र गोम होती. बेस्टची वीज मिळते ती कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, म्हणजे फक्त जुन्या शहरात. बस मात्र धावते बोरिवली-मुलुंडपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे. गिरगावातल्या चाळीतली म्हातारी, जी वर्षभरात चारदा बसमध्ये चढत नसेल, ती आपल्या पंख्याच्या बिलातून कांदिवलीच्या नोकरदाराचं भाडं भरत होती. पुढे तर वाहतुकीची तूट भरून काढण्यासाठी विजेच्या बिलात वेगळा आकारच लावला जाऊ लागला. तेव्हा ही गोष्ट म्हातारीला बिलावर छापील दिसली आणि आरडाओरडा झाला. मग तो आकारही थांबला.

मला विचाराल तर पैसे एकाने भरणं आणि प्रवास दुसऱ्याने करणं, यात काही पाप नाही. शाळा, दवाखाने, रस्त्यावरचे दिवे असेच चालतात. वाईट हे की म्हातारीला कोणी विचारलं नव्हतं आणि बरीच वर्षं सांगितलंही नव्हतं.

वीज वेगळी झाल्यावर बसचं ओझं पालिकेच्या अनुदानावर आलं. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणलं आणि बस पुन्हा भरल्या. तबेल्यातलं जुनंच शहाणपण. मे २०२५ मध्ये तेच भाडं दहा रुपये झालं. एकदम दुप्पट. भाडं कमी केल्यावर जी तूट येणार, ती कोणी भरायची हे आधी ठरलं नसेल, तर पाच रुपयांचं तिकीट फार दिवस टिकत नाही.

मग खरोखरच शून्य भाड्याची ट्राम जगात कुठे आहे का? आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात १९७५ साली शहराच्या मधल्या भागात बस मोफत केली. उद्देश असा की लोकांनी मोटार घरी ठेवावी. पुढे रेल्वे-ट्राम आली, तीही त्या भागात मोफत झाली. २०१२ साली पैशांची ओढाताण झाली आणि ही सवलत बंद पडली. सदतीस वर्षं चाललेली गोष्ट एका अंदाजपत्रकात गेली, कारण तिच्यासाठी राखून ठेवलेला वेगळा पैसाच नव्हता. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराच्या मध्यभागी २०१५ पासून ट्राम मोफत आहे. तिथे खर्च राज्य सरकार उचलतं. तिथले टीकाकार म्हणतात की खेड्यातला करदाता ऑफिसवाल्यांच्या दोन थांब्यांच्या प्रवासाचे पैसे भरतो. आपली गिरगावची म्हातारीच ती, फक्त पत्ता वेगळा.

सगळ्यात विचार करण्यासारखा दाखला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. तिथे मे २०१६ मध्ये सुमारे साडेतीन किलोमीटरची ट्राम सुरू झाली. तिला तिकीट नाही. ट्राम ज्या पट्ट्यातून जाते, त्या पट्ट्याची हद्द आधी आखली. त्या हद्दीत जी खरेदी होईल तिच्यावर शंभराला एक या दराने जादा विक्रीकर आणि त्या हद्दीतल्या जमीन-इमारतींवर वेगळी आकारणी. मोकळ्या पार्किंगच्या जागांवरसुद्धा आकारणी. ट्राम दारावरून गेली की दुकानाचा धंदा आणि जमिनीचा भाव वाढतो. मग ज्याचा फायदा, त्यानेच भाडं भरावं, असा हा हिशेब. आणि हे सगळं विचारून झालं. २०१२ साली त्या पट्ट्यातल्या मतदारांनी होकार दिला. २०१४ साली मोठ्या विस्तारासाठी कौल मागितला, तर लोकांनी साफ नाही म्हटलं. नंतर नव्याने आखलेल्या मार्गाला होकार मिळाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो वाढीव मार्ग सुरू झाला. मार्ग वाढला तशी कराची हद्दही वाढली.

हे वाचताना मला परकं काही वाटलं नाही. आमच्याकडे मोहर्रममध्ये गल्लीच्या तोंडाशी सबील लागते. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत. प्यायला थांबणाऱ्याची जात, धर्म, खिसा कोणी तपासत नाही. तुमच्याकडे पाणपोई असते. मुंबईत मांडवीला भातबाजारात केशवजी नायक यांनी बांधलेलं कारंजं आहे, १८७६ सालचं, ट्राम सुरू झाल्यानंतर दोनच वर्षांनी उभं राहिलेलं. अशा प्याऊ शहरभर झाल्या. माणसांनी प्यावं, जनावरांनी प्यावं. पण जुन्या जाणत्या लोकांना ठाऊक होतं की नुसतं कारंजं बांधून भागत नाही. ते भरायचं कोणी, धुवायचं कोणी? म्हणून मुसलमानांत वक्फ करताना आणि हिंदूंत देवस्थानाला इनाम देताना एखादं दुकान किंवा जमीन जोडून देत. त्या दुकानाच्या भाड्यातून पाण्याची सोय कायम चालायची. पिणाऱ्याला पाणी फुकट, पण त्याच्या मागे एक दुकान उभं. कॅन्सस सिटीने वेगळं काय केलं?

शब्दांचंही बघा. 'फुकट' म्हटलं की आपल्या तोंडात थोडी कडवट चव येते. 'मोफत' म्हटलं की सरकारी जाहिरात दिसते. शब्द मूळचा अरबी-फारसीतून आलेला, पण आता त्याला शिक्का लागला आहे. 'सबील' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मात्र वाट, रस्ता असा आहे. वाटेवर ठेवलेलं पाणी म्हणून ती सबील. कवीला हे आवडणारच, एवढं आपण समजून घ्याल.

आपल्याकडे ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्या नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. ही रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. माझी थोरली बहीण, आमची आपा, अर्ध्या तिकिटावर ठाण्याला लेकीकडे जाते. पूर्वी महिन्यातून एकदा जायची, आता दर आठवड्याला. लोक विचारतात, याने काय साधलं? लेकीचं बाळंतपण नीट पार पडलं, हे साधलं. ते कुठल्या खात्यात लिहायचं, मला माहीत नाही.

पण आपा भिवंडी स्टँडवर उतरते आणि अर्धं तिकीट तिथेच संपतं. पुढे वंजारपट्टी नाका असो की धामणकर नाका, शेअर रिक्षा. चौघांत पाचवी, ड्रायव्हरच्या शेजारी कोणीतरी लटकलेला. लूमवर रात्रपाळी करून येणारा कामगार हे पैसे वाचवायला चालतो, अगदी दादांसारखा. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. मेट्रो आली तरी ती मोठ्या रस्त्याने जाणार. गल्लीतल्या माणसाला तिच्यापर्यंत पोचवणारी एखादी फेरी हवी. समजा अंजूर फाटा ते वंजारपट्टी अशी बिनतिकिटाची छोटी बस फिरवायची ठरवली, तर हद्द कुठे आखाल? लूमवाल्यावर आकार लावाल, तर तो आधीच विजेच्या बिलाने आणि मंदीने वाकलेला आहे. गावातल्या छोट्या दुकानदाराची तीच गत. भिवंडीच्या आसपास खरा नवा पैसा आहे तो गोदामांत. माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर. देशभरच्या मालाचे ट्रक तिथे उभे राहतात आणि आमच्याच रस्त्यांवरून जातात. तिथे राबणारी पोरं रोज सकाळी आमच्याच गल्ल्यांतून निघतात. ही गोदामं मात्र बहुतेक महापालिकेच्या हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींत आहेत. गिरगावच्या म्हातारीचं दुखणं इथे उलटं झालं आहे. तिथे जिला फायदा नव्हता ती भरत होती. इथे ज्याला फायदा आहे, तो आकारणीच्या रेषेपलीकडे उभा आहे. आणि ती रेषा कामवारी नदीइतकी जुनीही नाही. माणसांनीच कागदावर मारलेली आहे.